गिरणीतलं गरम पीठ

मैत्रिणींनो, गिरणीतून आणलेला पिठाचा डबा हाताला गरम लागतो, हे तुम्हां-आम्हांला रोजचंच. पण का लागतो, असं कुणी विचारलं तर?

मला विचारलं! मी बी. ए. मराठीची, घर सांभाळून शाळेत अर्धवेळ शिकवते. विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि सातवीचा तास माझ्याकडे आला. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, गिरणीत शेगडी नसते, मग पीठ कसं तापतं?"

"यंत्र गरम असतं म्हणून. बस खाली."

ती बसली. तिचं समाधान झालं नव्हतं, आणि माझंही.

रात्री ओटा आवरून मुलाचं पुस्तक काढलं. हे म्हणाले, "आता कसली परीक्षा?" मी वाचतच राहिले.

गिरणीचा दगड अख्खा एका दिशेनं फिरतो, ती यांत्रिक ऊर्जा. धान्य भरडताना घर्षण होतं आणि त्या ऊर्जेचा बराच भाग पिठातल्या अणुरेणूंच्या वेड्यावाकड्या हालचालीत जातो. ती औष्णिक ऊर्जा. प्रभातफेरीतली मुलं आणि मधल्या सुट्टीतली तीच मुलं, इतका फरक! आजीचं जातं हळू फिरे, म्हणून पीठ एवढं तापत नसे.

म्युनिकला तोफा कोरताना विस्तवाशिवाय, नुसत्या घर्षणानं पाणी उकळलं, हे काउंट रम्फर्डनं १७९८ साली मांडलं. पुढे जूलनं हिशेबच केला. आजच्या मापात सांगायचं तर एक किलो पाणी एक अंश तापवायला एक किलोचं वजन सुमारे ४२७ मीटर खाली येण्याइतकं काम लागतं. उलटी वाट मात्र अवघड. कुकरची शिट्टी वाफेनं उचलली जाते खरी, पण बहुतेक उष्णता स्वयंपाकघरातच पसरते.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "काल मी उत्तर दिलं नव्हतं, नुसतं गप्प केलं होतं." छातीत धडधडत होतं, पण कुणी हसलं नाही. त्याच मुलीनं विचारलं, "मग पीठ निवल्यावर ती ऊर्जा कुठे जाते?"

"हवेत, डब्यात. पसरते, पण संपत नाही."

तेव्हा मैत्रिणींनो, गरम पिठावर लगेच झाकण लावू नका. वाफ धरून गुठळ्या होतात, कुबट वास येतो. परातीत पसरून निवू द्या.

आणि मुलांच्या प्रश्नांवरही घाईनं झाकण लावू नका.