शेवंती रुसली होती

दिवाळी झाली, फराळाचे डबे घासून फळीवर गेले की पुण्यातल्या आमच्या बाल्कनीत रंग म्हणून काही उरत नाही. सदाफुली असते, पण ती बाराही महिने असते, तिचं कौतुक कोण करणार! म्हणून मार्गशीर्षातला एक शनिवार-रविवार मी सारोळ्याला आईकडे जातेच. सातारा रस्त्याने कापूरहोळ मागे टाकायचं आणि नीरेचा पूल यायच्या आत उतरायचं. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. थंडीत सकाळी नदीवर धुकं असतं आणि महामार्गावरचे ट्रक नुसते ऐकू येतात, दिसत नाहीत.

या दिवसांत आईचं अंगण म्हणजे लग्न उरकल्यावरचा मांडव. दसऱ्याची तोरणं आणि दिवाळीच्या माळा होऊन उरलेला झेंडू एका अंगावर कललेला असतो. खालची पानं वाळलेली, पण शेंड्याला रुपयाएवढी फुलं येतच असतात. कुंपणाला पिवळी कोरांटी, न्हाणीपाशी अबोली. गुलबक्षी आता थकलेली, संध्याकाळी चार-पाच फुलं उघडते तेवढीच. प्राजक्ताचा सडा संपून सकाळी मोजून दहा-बारा फुलं. आणि या सगळ्यांवर मात करणारी शेवंती.

ही शेवंती आजीची. तिच्या माहेराहून आलेली, लहान फुलांची, हळदीसारखी पिवळी. बहर सरला की छाटायची, बुडातून आलेले फुटवे वेगळे करून लावायचे, एवढंच काय ते तिचं करणं. नर्सरीतल्या मोठ्या फुलांपुढे ती गावंढळ दिसते, पण मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला आमच्याकडे कधी फुलं विकत आणावी लागली नाहीत.

ती २०२४ साली फुललीच नाही.

त्याच्या आधी काय झालं ते सांगायला हवं. त्या वर्षीच्या मे महिन्यात आई रात्री न्हाणीच्या पायरीवरून पडली. मनगट मोडलं. शेजारच्या काकूंना हाक ऐकू जाईपर्यंत अर्धा तास ती तिथेच बसून होती. भाऊ आणि मी एका सुरात म्हणालो, आता पुण्याला चल. ती नाही म्हणाली. आठ दिवस वाद झाला, मी रडले, ती रडली नाही. शेवटी तडजोड म्हणून भावाने भिंतीवर पन्नास वॅटचा एलईडी फोकस बसवला. संध्याकाळी लागायचा, सकाळी बंद व्हायचा. अंगणात सुई पडली तरी सापडेल असा उजेड. त्या दिव्याच्या भरवशावर आम्ही तिला तिथे राहू दिलं. खरं म्हणजे तिनं आम्हाला आमच्या घरी जाऊ दिलं.

पावसाळ्यात शेवंती अशी माजली की काय सांगू! हिरवीगार, गुडघ्याच्या वर. कार्तिक आला, कळी नाही. तुळशीचं लग्न झालं, कळी नाही. मी शेणखत घातलं, नर्सरीतून कसलंसं औषध आणून फवारलं. काही नाही. फक्त न्हाणीच्या मागे, आडोशाला असलेल्या दोन झाडांना फुलं आली. आईचं म्हणणं, "त्यांना न्हाणीचं पाणी मिळतंय."

पण एका रात्री फोनवर ती हळूच म्हणाली, "झाड रुसलंय गं. आपलंबी आता आवरायला आलं म्हणायचं. येते मी पुण्याला."

इतके दिवस मला हेच तर हवं होतं. क्षणभर बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मात्र झोप लागली नाही. एका न फुललेल्या झाडामुळे ती येणार असेल, तर ते येणं नव्हे.

पुढच्या पावसाळ्यात कधीतरी सहज वाचता वाचता उलगडा झाला. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांकडे तंबाखूचं एक वाण होतं. ते उन्हाळाभर नुसतं उंच वाढायचं, फुलायचं नाही. त्यांनी झाडं रोज ठरावीक वेळ अंधाऱ्या खोलीत ठेवली आणि ती भर उन्हाळ्यात फुलली. १९२० साली त्यांनी हे छापलं. पुढे लक्षात आलं की अशी झाडं दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात. रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला तरी त्यांचा हिशेब मोडतो. शेवंती याच जातीची. रशियात चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात शेवंतीवरच प्रयोग करून दाखवलं, की रात्र कळते ती पानांना, आणि पानं तो निरोप शेंड्याला धाडतात. जपानमधले शेतकरी तर मुद्दाम रात्री दिवे लावून शेवंतीचा बहर लांबवतात, सणाच्या बाजाराला फुलं मिळावीत म्हणून.

आपल्याकडे जूनमधला दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरातला अकराचा. फरक केवढासा! पण तेवढ्यावर आजीची शेवंती वर्षानुवर्षं कार्तिक ओळखत आली होती. आम्ही तिची रात्रच काढून घेतली होती. झेंडूला, अबोलीला त्या दिव्याचं काही वाटलं नाही, म्हणून आमच्याही ध्यानात आलं नाही. न्हाणीमागच्या दोन झाडांना पाणी नव्हे, सावली मिळाली होती.

मी लगेच आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हंजे रुसली नव्हती तर."

आता दिव्याचं काय करायचं? भाऊ म्हणाला, माणूस आलं की आपोआप लागणारा सेन्सरचा दिवा बसवू. आई म्हणाली, "मी आधी अंधारात पाय टाकायचा, मग त्यानं पेटायचं व्हय?" तिचं बरोबर होतं, ती पहिल्याच पावलाला पडली होती. झाडं मागे हलवावीत, तर फुलं तोडायला तीच अंधारात मागे जाणार. शेवटी गणपतीत भावाने तेलाचा रिकामा डबा कापून दिव्याला पत्र्याची झडप केली. उजेड आता फक्त दारापासून न्हाणीपर्यंतच्या फरशीवर पडतो. पायरीच्या कडेला पांढरा रंग मारला, भिंतीला धरायला नळीचा दांडा बसवला. हा दांडा आम्हाला आधी का सुचला नाही, देव जाणे.

यंदा, २०२५च्या मार्गशीर्षात गेले तेव्हा फाटकातूनच पिवळं दिसलं. सगळी नाही फुलली. फरशीच्या अगदी कडेच्या झाडावर अजून थोडा उजेड पडतो. ते नुसतं हिरवं उभं आहे, आईने ते मुद्दाम तसंच ठेवलंय. म्हणते, "ते माझ्या वाटंवर लक्ष ठेवतंय, ऱ्हाऊ दे."

पुण्याला यायचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. तो पुन्हा निघेल, हे दोघींना ठाऊक आहे. तिचं वय काही झडप लावून थांबत नाही.

निघताना तिने वर्तमानपत्रात फुलं बांधून दिली आणि ओल्या फडक्यात चार फुटवे. आमच्या बाल्कनीवर सोसायटीच्या पार्किंगचा दिवा रात्रभर असतो, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग दसऱ्यापासून रोज तिन्हीसांजेला टोपली झाकायची, सकाळी काढायची. कळी धरेस्तवर. जमंल का तुला?"

जमवायला हवं. आठवण करायला तीच फोन करणार आहे म्हणे.