दोनशे त्र्याहत्तरावा मणी

रात्रभर झोप नाही, डोळे चुरचुरतायत, ऑफिसला उशीर झालाय, तरी आधी हे कुणाला तरी सांगू दे!

काल संध्याकाळी शेजारचे काका रिपोर्ट घेऊन आले. फुफ्फुसाचा कॅन्सर. डॉक्टरांनी औषधं, तारखा, सगळं समजावलंय, पण एक ओळ काकांच्या डोक्यात अडकली होती. "वाच गं, हे काय लिहिलंय?" ‘टीपी ५३, आर २७३ एल.’ मी बी.कॉम. मला वाटलं, टीव्हीचं मॉडेल असेल. "उद्या सांगते" म्हणाले आणि मोबाइल घेऊन बसले. वर पाहिलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

तर ऐका! टीपी ५३ हा आपल्या प्रत्येक पेशीतला राखणदार आहे. ट्यूमर सप्रेसर जीन, म्हणजे गाठ होऊ न देणारं जनुक. त्याच्यावरून पी ५३ नावाचं प्रथिन बनतं, ३९३ मण्यांची माळ. एरवी ते बनतं आणि लगेच मोडीत निघतं. पण डीएनएला इजा झाली की ते साठतं, पेशीला ‘थांब, आधी दुरुस्ती’ म्हणतं, आणि दुरुस्ती जमलीच नाही तर पेशीला मरायला लावतं. हे आत्ता, पोहे खाताना, माझ्या आत चाललंय!

आता रिपोर्टमधली ओळ. आर म्हणजे आर्जिनीन, एल म्हणजे ल्युसीन, दोन्ही मण्यांचीच नावं. २७३व्या जागी आर्जिनीनऐवजी ल्युसीन बसलंय. का, तर डीएनएतलं एक अक्षर बदललं, जी चं टी झालं. बस, एवढंच! बरं, जनुकाच्या दोन प्रती असतात, आईकडून एक, बापाकडून एक, मग दुसरी सांभाळून घेईल ना? मीही तेच म्हटलं. पण पी ५३ एकटं काम करत नाही, चौघं एकमेकांना धरून करतात, आणि त्यात एखादा बिघडलेला शिरला की चौकडीचंच काम बिघडतं. वर बऱ्याचदा दुसरी प्रतही पुढे हरवते.

आणि राखणदाराची स्वतःची कथा तर सिनेमाच! १९७९ मध्ये तो सापडला तेव्हा त्यालाच चोर ठरवलं होतं. कॅन्सर वाढवणारं जनुक म्हणून दहा वर्षं बदनामी. शास्त्रज्ञांनी अभ्यासाला घेतलेल्या प्रतीच बिघडलेल्या होत्या! १९८९ मध्ये बाल्टिमोरच्या बर्ट फोगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेनं आतड्याच्या कॅन्सरवरून खरं काय ते दाखवलं, आणि त्याच वर्षी फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्येही हेच जनुक वारंवार बिघडलेलं सापडलं.

पण मी अंथरुणात उठून बसले ते १९९६च्या प्रयोगावर. अर्धवट जळालेल्या कशाच्याही धुरात बेंझोपायरीन असतं, बिडीच्या, डिझेलच्या, चुलीच्या. शरीरात त्याचं चिकट रूप होतं आणि ते डीएनएला जाऊन बसतं. कुठे, तर त्या प्रयोगात दिसलं, या जनुकात मुख्यतः तीन जागी: १५७, २४८ आणि… २७३! काकांची जागा!

खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसत होती. मुंबईतली तानसा जलवाहिनीलगतची घरं तुटल्यावर आम्ही माहुलला आलो. इथली हवा आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्येच म्हटलं होतं. रिफायनरीचा वास नाकात घेऊनच आम्ही झोपतो. म्हणून बोट लगेच खिडकीकडे गेलं, खोटं कशाला बोलू. पण त्या एका अक्षरावरून धूर कुठला ते ठरत नाही. आणि काकांनी चाळीस वर्षं बिडी ओढलीय, हेही मला माहीत आहे.

सकाळी सातलाच त्यांचं दार वाजवलं. काकूंनी चहा ठेवला. मी माळ, चौकडी, चिकट धूर, सगळं एका दमात सांगितलं. काका रिपोर्टवरच्या त्या ओळीवर अंगठा फिरवत ऐकत होते. शेवटी हत्तीची गोष्ट सांगितली: एवढं मोठं धूड, एवढ्या पेशी, तरी हत्तीला कॅन्सर कमीच होतो, आणि त्याच्याकडे या जनुकाच्या चाळीसेक प्रती असतात.

"चाळीस?" काका म्हणाले. "आणि आम्हाला दोन?"

"दोनच."

थोडा वेळ गप्प. मग खिशातलं बंडल काढून त्यांनी काकूंच्या हातात दिलं. "हत्ती बिडी ओढत नाही ना गं?"