लाफ्टरची जागा

नाटकाची पटकथा करायला बसलं की पहिली सूचना ठरलेली असते: 'दिवाणखान्यातून बाहेर पडा.' विंगेपलीकडचं दाखवता येतं, म्हणून सगळं दाखवायचं. अशा वेळी मला नील सायमनचं 'बेअरफूट इन द पार्क' आठवतं.

1963 साली माइक निकोल्सनं ते ब्रॉडवेवर बसवलं. नुकतं लग्न झालेलं जोडपं, न्यूयॉर्कमधलं पाचव्या मजल्यावरचं इवलंसं घर, लिफ्ट नाही. सगळं नाटक त्या एका घरात घडतं. जिना प्रेक्षकांना दिसतच नाही. दारातून आत येणाऱ्याच्या धापेतून तो कळतो. टेलिफोनवाला येतो, सामान पोचवणारा येतो, मुलीची आई येते, आणि प्रत्येकाची दमण्याची तऱ्हा निराळी.

ही धाप म्हणजे लेखनातली अस्सल करामत आहे. रंगमंचावर नट लाफ्टर घेतो, तो ओसरू लागला की पुढचं वाक्य टाकतो. पडद्यावरच्या नटाला प्रेक्षक ऐकूच येत नाहीत. तिथे संकलक अंदाजानं जागा सोडतो. कमी पडली तर वाक्य हशात बुडतं, जास्त झाली तर पात्रं उगाच ताटकळलेली दिसतात. दम लागलेल्या माणसाला मात्र बोलताच येत नाही. हशाला लागणारा वेळ त्याच्या श्वासातच असतो, आणि समोर कुणी हसलं नाही तरी तो वेळ खोटा वाटत नाही.

1967च्या सिनेमाची पटकथा सायमननंच लिहिली. दिग्दर्शक जीन सॅक्स. त्यात जिना दिसतो, बागही दिसते. बाग हवीच होती. एरवी शिस्तीत वागणारा वकील नवरा दारू पिऊन तिथे अनवाणी फिरतो, हे डोळ्यांनी पाहण्यातच मजा आहे. स्टेटन आयलंडवरच्या जेवणाची सहल मात्र मी गाळली असती. परतलेल्यांच्या अवतारावरून ती कळतेच. पण जिना दाखवल्यावरही सायमननं धापा कापल्या नाहीत, हा त्याचा मोठा शहाणपणा.

रॉबर्ट रेडफर्ड, टेलिफोनवाला हर्ब एडलमन आणि आई झालेल्या मिल्ड्रेड नॅटविक रंगमंचावरूनच सिनेमात आले. जेन फोंडा नव्यानं आली. नॅटविकबाईंना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. नाटकाचा सिनेमा करायला घेतला असेल, तर जिना चढून आलेल्या या आईचा पहिला प्रवेश एकदा आवाज बंद करून जरूर पाहा.