अधिक मास आणि खाजनाचा बांध

पंचांग पाहिल्यावाचून आमच्या घरी कोणतेही कार्य निघत नसे. पाडव्याच्या दिवशी वडील ओसरीवर बसून नवे पंचांग वाचीत. यंदा पर्जन्य किती, धान्य किती, हे ऐकावयास शेजारचे चारदोन गावकर येऊन बसत. त्या संवत्सरफलावर वडिलांची स्वतःची श्रद्धा कितपत होती, हे आम्हांस आजतागायत उमगलेले नाही, कारण वाचन आटोपताच ते पंचांग खुंटीस लावीत आणि म्हणत, "चला, आता बांध पाहून येऊ."

आमचे गाव फोंडे महालात, जुवारीच्या काठी. ग्रामदेवता मूळची साष्टीची. सोळाव्या शतकात धर्मच्छळ सुरू झाला तेव्हा भक्तांनी तिला नदीपार आणले, ही कथा अंत्रुजातील बहुतेक देवस्थानांची आहे. वाचकांस ती नव्याने सांगावयास नको. देवीने नदी ओलांडली, पण नदीचे खारे पाणी मात्र तिच्यामागून गावापर्यंत येतच राहिले. दिवसातून दोनदा भरती चढते, दोनदा सुकती होते, आणि या दोहोंच्या मधोमध आमची शेती उभी आहे. तिलाच आपण खाजन म्हणतो.

गोमंतकात अशी खाजने सुमारे 18 हजार हेक्टर आहेत. भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवर असलेल्या जमिनीत भात पिकवावे, हा विचार ज्या कोणाच्या डोक्यात प्रथम आला तो सामान्य मनुष्य नसावा. चिखल, पेंढा आणि बाहेरून चिरे अशा साध्या साहित्याचा बांध. बांधात लाकडी दारांची मानस. मानशीच्या आतल्या अंगास पाणी साठवणारी पोंय. भरती आली की नदीचाच दाब मानशीचे दार घट्ट लावून घेतो, सुकती लागली की आतले पावसाचे पाणी तेच दार ढकलून बाहेर पडते. तेथे ना यंत्र, ना तेल. आषाढातला पाऊस जमिनीतले मीठ धुऊन नेतो, मग खारट मातीतही तग धरणारे कोरगूट किंवा आसगो पेरावे. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होई व त्या पैशांत बांधाची डागडुजी निघे. सारा हिशेब गावकरीचा. हे वर्णन करताना आमची लेखणी थोडी रेंगाळते, हे आम्ही जाणतो. पण डोळ्यांदेखत हातची जात असलेली वस्तू माणूस जरा अधिकच न्याहाळतो.

1964 चा कूळ कायदा आणि त्यावरील 1976 ची दुरुस्ती यांनी जमीन कसणाराची झाली. आमच्या घराण्याची खाजनेही कुळांकडे गेली, आणि ती योग्य हाती गेली असेच आमचे मत आहे. बांधाची जबाबदारी मात्र त्यानंतर कुळांच्या संघांवर आली. शेतकऱ्यांची मुले नोकरीस लागली, कोणी जहाजावर गेले, आणि बांधावर चिखल घालणारे हात वर्षानुवर्षे कमी होत गेले. आम्हांपैकी ज्यांची जमीन गेली त्यांनी बांधाकडे पाठ फिरविली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता पंचांगाकडे वळू. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे, सौर वर्ष 365 दिवसांचे. हा अकरा दिवसांचा फरक तसाच वाढू दिला, तर काही वर्षांनी चवथ उन्हाळ्यात येईल आणि शिमगा पावसात भिजेल. म्हणून आपल्या ज्योतिर्विदांनी साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घातला. एकोणीस वर्षांत असे सात येतात. लोक त्याला धोंड्याचा महिना म्हणून नाक मुरडतात, जावयास अनारसे खाऊ घालून मोकळे होतात. पण त्यातील बुद्धी विलक्षण आहे. सण ऋतूंशी बांधलेले राहावेत यासाठी माणसाने आपली मोजणी वाकविली, ऋतूंस वाकविले नाही. ऋतू खरे, आपले गणित चुकीचे, अशी ती नम्रता होती.

आज मात्र ऋतूच मोजणीबाहेर जाऊ लागला आहे, आणि त्यासाठी कोणता अधिक मास घालावा हे कोणत्याही सिद्धान्तग्रंथात सापडत नाही.

याचे कारण गूढ नाही. कोळसा जाळून हवेत सोडलेला वायू पृथ्वीची उष्णता कोंडून धरील, हे गणित स्वीडनच्या आरेनियस या शास्त्रज्ञाने 1896 सालीच मांडले होते. 1958 साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर तो वायू नियमाने मोजावयास आरंभ केला, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 315 भाग होता. 2024 साली तो 420 च्या वर गेला. 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी 20 सेंटिमीटर चढली. वीस सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक वीत. मुंबईच्या उंच माडीवरून पाहणाऱ्यास वीतभर पाणी म्हणजे काहीच नव्हे. खाजनाचा बांध ज्याने पाहिला आहे, त्याच्या मात्र पोटात गोळा येईल. कारण अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला पाणी आणि बांधाचा माथा यांत कित्येक ठिकाणी वीतभरच अंतर असते. शिवाय ही चढण आता पूर्वीपेक्षा वेगाने होत आहे.

आमच्या बांधाची कथा सांगतो. अरबी समुद्र हा बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत, असे आम्ही शाळेत शिकलो होतो. तो समुद्र आता तापला आहे आणि त्यात प्रबळ चक्रीवादळे वारंवार उठू लागली आहेत. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते नावाचे वादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून उत्तरेस गेले. त्या रात्री वारा आणि भरती एकत्र झाली, आणि आमच्या गावच्या बांधास मानशीशेजारी भगदाड पडले. प्रथम ते बैलगाडी जाईल एवढे होते. त्याच वर्षी 23 जुलैला अतिवृष्टी होऊन म्हादई आणि तिच्या उपनद्यांनी सत्तरी-डिचोलीत हाहाकार केला. आमच्याकडे पूर तेवढा नव्हता, तरी भगदाड वाढत जाऊन तेथे होडी फिरू लागली. अर्ज झाले, पाहणी झाली, पुन्हा अर्ज झाले. ते कोठे अडले याची चौकशी आम्ही येथे करीत नाही. दोन पावसाळे शेतात खारे पाणी खेळत राहिले.

2023 मध्ये कसेबसे भगदाड बुजवून पेरणी केली. त्या वर्षी श्रावण अधिक होता. जुलैत पावसाने मीठ धुतले, रोपे तरारली, आणि ऑगस्ट कोरडा गेला. 1901 पासूनच्या नोंदींत देशभर इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. त्यास प्रशांत महासागरातील एल निनोचेही कारण होते. प्रत्येक दोष तापमानवाढीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. पण खाजनात पाऊस थांबला की तळाचे मीठ मातीतून पुन्हा वर चढते. रोपांची टोके पिवळी पडली. आमच्या जुन्या कुळाचे वृद्ध गृहस्थ बांधावर उभे होते. आम्ही विचारले, तर त्यांनी चिमूटभर माती आमच्या हातावर ठेविली. "भाटकारबाब, तोंडान घालून पळयात. मीठ अजून वचूंक ना." आम्ही ती चाखली. जमीन आता आमची नाही, पण ते अजून आम्हांस भाटकार म्हणतात. त्या क्षणी त्या संबोधनाची आम्हांस लाज वाटली.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावी नव्याची पंचम. वाजतगाजत शेतात जावयाचे, नवी कणसे कापून देवीपुढे ठेवावयाची, मग ती घरोघर वाटावयाची. दाराला एक, कणगीला एक. त्या वर्षी शेतात कणसे होती, पण दाणा न भरलेली, फोल. फोल कणीस देवीस कसे वाहावे? पुजाऱ्यांचे व वडीलधाऱ्यांचे बोलणे झाले. अखेर वर मोरडावरच्या एका शेतातून कणसे आणून पंचम साजरी झाली. शास्त्राला बाध आला नाही, प्रसाद सर्वांस पोहोचला. आमच्या घरची कणगी तर कित्येक वर्षे रिकामीच आहे, तांदूळ दुकानातून येतो. तरीही दाराला ते परक्या शेतातले कणीस बांधताना हात अडखळला.

त्यानंतरच्या महाजनांच्या सभेत हा विषय निघाला. विषयपत्रिकेत तो नव्हता. तेथे होते सभामंडपास संगमरवर आणि लग्नकार्यांच्या सभागृहास वातानुकूलन. एका तरुण महाजनाने उठून विचारले, हा पैसा बांधास का देऊ नये? जहाजावर इंजिनियर म्हणून काम केलेला हा मुलगा. कोणी म्हणाले, बांध कुळसंघाचा, देवस्थानाचा नव्हे. कोणी म्हणाले, समुद्र सगळ्या जगाने चढविला, तो आपण का उपसावा? ही शेवटची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भारतीय माणूस सरासरीने जेवढा धूर सोडतो तो जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. तरीपण मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा घाट चढून जातो तो आपल्याच देशाच्या पोलादासाठी, आणि जत्रेच्या रात्री आमच्या देवळाबाहेर मोटारींची रांग लागते ती आमचीच.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी देवळाच्या प्रांगणातील माती काढून तेथे सिमेंटचे पेवर घालावेत असा ठराव आला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत आम्ही होतो. चिखल नको, पालखीला सोय, असे आम्हीच भाषण केले. आज वैशाखात दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालता येत नाही. म्हाताऱ्या बायका भिंतीच्या सावलीने चालतात. जे पाणी पूर्वी प्रांगणात मुरे ते गटारातून नदीला जाते, आणि चैत्र संपता संपता देवळाच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. माशेलच्या लोकांनी आषाढी एकादशीनंतरचा आपला चिखलकाला सांभाळला; आम्ही चिखल म्हणजे मागासलेपण समजलो. हे सभेत सांगावयास धैर्य लागले असे नव्हे, पण घसा कोरडा पडला खरा.

निर्णय अर्धवट झाला, जसा सभांत होतो. वातानुकूलन एक वर्ष पुढे ढकलले. अग्रशाळेच्या छपरावर सौर पाट्या बसवाव्यात हे मान्य झाले. विहिरीभोवतालचे पेवर उखडले. उरलेले तसेच आहेत. बांधास देणगी देण्याचे कायद्यात बसते की नाही यावर एकमत झाले नाही, म्हणून श्रमदानावर समझोता झाला. संगमरवर मात्र बसला. तो सुंदर दिसतो.

अशा कामांनी पृथ्वीचे तापमान उतरेल असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. 2015 साली पॅरिसला राष्ट्रांनी करार केला, की वाढ दोन अंशांच्या बऱ्याच खाली ठेवू आणि दीड अंशावर रोखण्याचा यत्न करू. 2024 हे एकच वर्ष धरले, तर ती दीड अंशाची रेषा ओलांडली गेली. कोळसा व तेल सोडल्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते काम सरकारांचे व कारखानदारांचे आहे. पण समुद्र उद्याच थांबला तरी जो वीतभर चढला आहे तो उतरावयाचा नाही. त्या वितीपुरता बांध उंच करणे, मानशीची कुजलेली दारे बदलणे, बांधापुढची तिवरांची रांग राखणे, हे पॅरिसहून कोणी येऊन करणार नाही.

2025 च्या उन्हाळ्यात आम्ही पन्नासएक माणसे बांधावर गेलो. अनेकांनी जन्मात प्रथमच चिखलात पाय घातला. रिवाजाप्रमाणे मेअखेरपर्यंत चिखल वाळून घट्ट व्हावयाचा, मग मिरगाचा पाऊस. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. केरळात तो 24 मेला पोहोचला आणि लगोलग गोव्यात. त्याआधीच्या सरींनीही आम्हांस उसंत दिली नाही. ओला चिखल आमच्या डोळ्यांसमोर ओघळून गेला. जेथे तो आधी वाळला होता, तेवढा भाग टिकला. त्या टिकलेल्या बांधामागे तीनचार कोपऱ्यांत कोरगूट उभे राहिले. पण चवथ 27 ऑगस्टला, आणि कोरगूट काही तेवढ्या लवकर निसवत नाही. कणसे पुन्हा मोरडावरूनच आली. कार्तिकात कापणी झाली तेव्हा दाणे भरलेले होते, थोडे का असेनात. वृद्ध गृहस्थांनी पुन्हा माती चाखली, थुंकले आणि म्हणाले, "उणें जालां. पूण आसा."

2026 च्या पंचांगात ज्येष्ठ अधिक आहे, आणि चवथ 14 सप्टेंबरला. आदल्या वर्षाहून अठरा दिवस उशिरा. कोरगुटास तेवढी सवड पुरेल असे जाणते म्हणतात. मात्र बांध मेपर्यंत ठेवून चालणार नाही, म्हणून चिखलाचे काम माघातच धरावे असे ठरले. माणसांची यादी झाली, होडीही मिळाली. पेंढा महाजनांनी आणावयाचा की कुळसंघाने, एवढ्यावर सध्या घोडे अडले आहे.