आमच्या भिंतींवरची मरिया

घोडेगाव म्हटलं की लोकांना जनावरांचा बाजार आठवतो, कांद्याने भरलेले ट्रक आठवतात, नाहीतर नगर-औरंगाबाद रस्त्यावरचा शिंगणापूरचा फाटा. साठ-सत्तरच्या दशकात तिथल्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या ख्रिस्ती घरांत वाढलेल्या आम्हा पोरांना मात्र आधी आठवते ती समोरची भिंत. धाब्याचं घर, मातीची भिंत, वरून पांढऱ्या मातीचा हात. दारातून आत आलं की नजर जिथे जाईल तिथे मधोमध येशूचं पवित्र हृदय, उजव्या हाताला मरिया, डाव्या हाताला बाळ येशूला कडेवर घेतलेले संत अंतोन. त्यांच्या खाली कुणाचा तरी लग्नातला फोटो, कॅलेंडर, आणि काही घरांत बाबासाहेबांचीही तसबीर. घर बदललं, गल्ली बदलली तरी ही मांडणी फारशी बदलायची नाही. चुलत्याच्या घरी गेलो काय नि आत्याच्या घरी गेलो काय, देव ओळखीचेच भेटायचे.

तसबिरी भिंतीला चिकटवून लावायची रीत नव्हती. खाली दोन खिळे ठोकायचे, त्यांच्यावर फ्रेमची कड टेकवायची आणि वरून दोरीने ओढून तसबीर पुढे झुकती ठेवायची, म्हणजे खाली घोंगडीवर बसून प्रार्थना करणाऱ्यांना देवाचं तोंड दिसावं. भिंत आणि तसबीर यांच्यामध्ये जी पाचर राहायची, ती चिमण्यांना फार आवडायची. पवित्र हृदयाच्या मागे घरटं नाही असं घर आमच्या वस्तीवर क्वचितच असेल. संध्याकाळी रोझरी चालू असताना वरून काडी पडायची, कधी पीस पडायचं. आम्ही पोरं खुदकन हसलो की आजी डोळे न उघडता मांडीवर चापट मारायची. पिलं उडून जाईपर्यंत तसबीर पुसायलाही उतरवायची नाही, हा आईचा कायदा होता. नाताळच्या सारवणापर्यंत पिलं केव्हाच गेलेली असायची. मग सगळ्या तसबिरी अंगणात उन्हाला लागायच्या, राखेने काचा घासल्या जायच्या. धाबं गळून काचेच्या आत शिरलेल्या पाण्याचे तपकिरी ओघळ मात्र निघायचे नाहीत. आमच्या घरच्या संत अंतोनच्या झग्यावर असा एक ओघळ होता. दुसऱ्या घरचे अंतोन त्याशिवाय पाहिले की ते अपुरे वाटायचे.

ही चित्रं यायची कुठून? सगळ्यात मोठी आवक हरेगावच्या यात्रेतून. मतमाउलीची ही यात्रा १९४९पासून भरते, मरियेच्या जन्मदिनाच्या, म्हणजे ८ सप्टेंबरच्या सुमारास. साखर कारखान्याचं ते गाव त्या दिवसांत माणसांनी फुलून जायचं. आमच्याकडची माणसं आधी बैलगाड्या जुंपून जायची, पुढे ट्रकने, एस.टी.ने. मेणबत्त्या, माळा, पदकं, रेवड्या, बांगड्या यांच्या दुकानांच्या रांगेत तसबिरींची दुकानं असायची. तिथे घासाघीस करायला बायका कचरायच्या. देवाची किंमत कशी पाडायची? मग दुकानदाराशी बोलायचं काम बापाकडे. घेतलेली तसबीर लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, काच तडकू न देता घरी आणणं हे यात्रेहून अवघड काम असायचं. नुसता कागद घेतला असेल तर तो बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे जायचा. त्याच्या दुकानात एका ओळीत लक्ष्मी, विठोबा, शिवाजी महाराज आणि आमचा येशू. पट्टी सगळ्यांना एकाच लाकडाची, काच एकाच पेटीतली.

मुंबईला गिरणीत किंवा गोदीत गेलेल्या चुलत्यांकडून दुसरी चित्रं यायची. माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेना होते. तिथली सदा साहाय्य माता आमच्याकडे मुंबईकरांच्या ट्रंकेतून आली. सोनेरी पार्श्वभूमी, दोन्ही बाजूंना छोटे देवदूत, आणि आईच्या हातात बाळ. या चित्रातली एक गोष्ट आम्हाला झोप येईपर्यंत पुरायची. बाळाच्या एका पायातली चप्पल सुटून नुसत्या बंदावर लोंबते आहे. आता पडेल, मग पडेल! का सुटली ती? आजी सांगायची, त्या देवदूतांच्या हातात क्रूस आहे, भाला आहे. पोरानं ते पाहिलं, घाबरलं आणि धावत आईकडे आलं, त्या धावण्यात चप्पल सुटली. बघ, दोन्ही हातांनी आईचा अंगठा कसा धरलाय. आम्ही कंदील उचलून जवळ जाऊन तो अंगठा पाहायचो. पुढे मोठेपणी वाचलं की हे मूळ चित्र रोममध्ये आहे, फार जुनं आहे, आणि १८६६मध्ये पोपनी ते रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरूंच्या हाती सोपवल्यावर त्याच्या प्रती जगभर पसरल्या. पण चपलेची गोष्ट आजीला कुणी सांगितली होती? ती कधी शाळेत गेली नव्हती. फादर नाहीतर मास्तर यांच्याकडून ती तिच्यापर्यंत आली असणार, आणि तिने ती अशी सांगितली की जणू तिच्याच पोराची चप्पल सुटली होती.

मास्तर म्हणजे वस्तीवर धर्मशिक्षण देणारे. फादर महिन्यातून एखाद्या वेळी यायचे, मास्तर रोजचे. त्यांच्याकडे चित्रांची लांबलचक गुंडाळी असायची. संध्याकाळी ती खुंटीला अडकवून ते एकेक चित्र उलगडत जायचे: निर्मिती, आदाम-एवा, नोहाचं तारू, बेथलेहेम, आणि शेवटी स्वर्ग नि नरक. नरकाचं चित्र आलं की पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकायची. देवळात क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रं दोन्ही भिंतींवर होती, आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी आम्ही एकेका चित्रापुढे गुडघे टेकत जायचो. शिपायांचे टोप, चाबूक, भाले आम्हाला पाठ. सहाव्या ठिकाणी वेरोनिका येशूचा चेहरा पुसते आणि फडक्यावर तो उमटतो. तिथे बायकांचा आवाज बदलायचा. घामाने भिजलेला चेहरा पदराने पुसणं काय असतं, हे खडी फोडायला जाणाऱ्या त्या बायकांना सांगावं लागत नव्हतं.

जवळच वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनची प्रोटेस्टंट मंडळी. त्यांच्या देवळात भिंती मोकळ्या. क्रूस आणि वचन एवढंच. तिकडे दिलेल्या आमच्या एका आत्याला माहेरी आल्यावर आधी तसबिरींपुढे उभं राहायची सवय होती. सासरी कुणी काही म्हणायचं नाही, पण तिला भिंत ओकीबोकी वाटायची.

पवित्र हृदयाच्या चित्राचा माग काढत गेलं की तो थेट रोमला पोचतो. पोम्पेओ बातोनी या चित्रकाराने १७६७च्या सुमारास जेझुइट संघाच्या जेझू चर्चसाठी तांब्याच्या पत्र्यावर हे चित्र काढलं. हातात ज्वाळांचं हृदय घेतलेला, थेट आपल्याकडे पाहणारा येशू. पुढे जगातल्या घराघरांत लागलेल्या बहुतेक पवित्र हृदयांचा तो पूर्वज. त्याच जेझुइट संघाचे जर्मन फादर १८७८च्या सुमारास नगर जिल्ह्यात आले. त्यांच्यापैकी हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली राहुरी तालुक्यातल्या केंदळहून एक मासिक काढलं, ‘पवित्र हृदयाचा निरोप्या’. डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले आणि ‘निरोप्या’ आमच्या घरांत टपालाने येत राहिला. त्यातलं एखादं चित्र कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं असायचं. ट्रंक उघडली की डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट मरिया समोर.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. आमच्या भिंतींवरची मरिया गोरी होती, निळ्या पट्ट्याची, कधी निळ्या डोळ्यांची. आणि आमच्याच काळात पुण्यात, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात एक चित्रकार साडीतली, सावळी, अनवाणी मरिया रंगवत होता. आंजेलो दा फोन्सेका. जन्म १९०२चा, गोव्यातल्या सांतु इस्तेव्हचा. मुंबईला जे.जे.त शिकला, तिथलं विलायती वळण सोडून शांतिनिकेतनला गेला, अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली तयार झाला. गोव्यात परतला तेव्हा त्याची साडी नेसलेली मरिया तिथल्या लोकांना खपली नाही. फार बोलणी खाऊन तो पुण्याला आला आणि १९६७मध्ये मरेपर्यंत रंगवत राहिला. जलरंगाचे पातळ थर एकावर एक चढवून काढलेली ती चित्रं, डोक्यावरून पदर घेतलेली आई, मांडीवर मूल. त्याच्या कामाचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

या आश्रमाचं मूळ आमच्याच जिल्ह्यातलं. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२ साली नगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ सुरू केला, भारतीय रीतीने ख्रिस्तभक्ती करावी या ध्यासाने. नारायण वामन टिळकांच्या भजनांनी जी वाट पाडली होती तीच ही. पुढे संघ पुण्याला गेला आणि तिथे फोन्सेकाला आसरा मिळाला. मुंबईतही अँजेला त्रिंदाद, चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची मुलगी, भारतीय वळणाची मरिया काढत होती, आणि सेंट झेवियर्स कॉलेजातले इतिहासकार फादर हेन्री हेरास अशा चित्रकारांना धीर देत होते. म्हणजे चित्रं होती, चित्रकार होते, जाणते फादरही होते. नगरहून पुणे तरी किती लांब? सकाळच्या एस.टी.ने गेलेला माणूस रात्री घरी. तरी ती मरिया घोडेगावला आली नाही.

याची सोपी कारणं आहेत. फोन्सेकाची चित्रं हातची होती, एकेकटी. हरेगावच्या दुकानांत यायची ती छापखान्यातली, हजारोंनी. कॅलेंडर छापणाऱ्यांना युरोपातला नमुना तयार मिळत होता. फादर मंडळीही त्याच चित्रांपुढे वाढलेली. हे सगळं खरं, पण मला ते पुरेसं वाटत नाही. आमच्या पणजोबांनी गावकुसाबाहेर दिवस काढले होते. गावातल्या देवळाच्या पायरीवर त्यांना कुणी चढू दिलं नव्हतं. त्यांना गावातल्यासारखा दिसणारा देव का हवा असेल? वाड्यातल्या पाटलिणीसारखं लुगडं नेसलेली मरिया भिंतीवर लावली असती तर ती त्यांना कोणाची वाटली असती? दूरदेशीची, ओळख नसलेली, जिच्या चेहऱ्यावर कुठलीच जात लिहिलेली नाही अशी आई त्यांना जवळची वाटली, हे मी आता समजू शकतो. शिकलेली माणसं त्या चित्रांना परकी म्हणतात तेव्हा मला राग येतो. ज्या तसबिरीपुढे पोरीच्या बाळंतपणात रात्र काढली, बहात्तरच्या दुष्काळात सुकडी शिजवून पहिला घास ठेवला, ती परकी कशी?

आणि तरीही फोन्सेकाची मरिया आमच्यापर्यंत आली नाही याचं मला मनापासून दुःख आहे. व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६५च्या पुढे, लॅटिन जाऊन मिस्सा मराठीत आली. फादर वेदीमागून आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. पेटी आली, ढोलकी आली, आमचे चुलते भजनाच्या चालीवर स्तोत्रं म्हणू लागले. कानांना सगळं मराठी झालं, डोळ्यांना मात्र काहीच झालं नाही. त्याच सुमारास फोन्सेका गेला. एखाद्या बिशपांनी, एखाद्या छापखान्याने तेव्हा त्याचं एक चित्र कॅलेंडरवर घेतलं असतं, तर आमच्या आईला गोऱ्या मरियेच्या शेजारी ती सावळीही मिळाली असती. जागा होती भिंतीवर.

धाब्याची घरं आता राहिली नाहीत. स्लॅब पडले, भिंतींना रंग आला, खिळा ठोकायचा तर ड्रिल लागतं. तसबिरी सपाट चिकटून बसतात, त्यांच्या मागे चिमणीला जागा नाही. पवित्र हृदयापुढे दिवाळीच्या माळेसारखे लुकलुकणारे दिवे लागतात. दैवी करुणेचं, लाल नि पांढऱ्या किरणांचं चित्र, ज्याचा पहिला नमुना १९३४मध्ये विल्नोला रंगवला गेला, ते आता बहुतेक घरांत आहे. ओघळ पडलेले आमचे संत अंतोन धाकट्या भावाकडे गेले.

मागच्या नाताळात मी फोन्सेकाच्या चित्रांचं पुस्तक घेऊन गावी गेलो. मोठ्या काकूने चष्मा लावून मरियेचं चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “ही कुणाची गं? उन्हातान्हात काम केलेली दिसते.” आत्या म्हणाली, “मरियामाता आहे म्हणे.” काकू म्हणाली, “मग बरोबर आहे. सुताराच्या घरची बाई, ती काय बसून खात होती?” आत्याला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, घरातल्या बाईसारखी दिसली तर तिच्यापुढे रडायचं कसं, आपण घरातल्या बायांपुढे थोडंच रडतो? काकू म्हणाली, मी तर रडते. यावर दोघींची बराच वेळ जुंपली, चहा गार झाला. पुतणीने तेवढ्यात मोबाइलवर चित्राचा फोटो काढला होता. फ्रेमवाल्याकडून मोठं करून घेते म्हणाली. आत्याने तिला बजावलं, “लाव बाई. पण माहीमचीला हात लावायचा नाही. तिच्या शेजारी लाव.”