दाब गेला, की दाब सांगणारा गेला?

आजची नोंद गाडीच्या गिअरबॉक्सची आहे. पण ज्याच्याकडे ठिबक, पंप किंवा कसलाही मीटर आहे, त्याने वाचावी.

पुतण्याची ऑटोमॅटिक गाडी आहे, हप्त्यावर घेतलेली. तारकर्ली-देवबागला पर्यटक आणायचे, चिपी विमानतळ नाहीतर कुडाळ स्टेशनला सोडायचे, त्यावर त्याचं घर चालतं. दिवाळीनंतर ऐन हंगामात गाडी एकाच गिअरात अडकायला लागली. चढाला ओढेना. गिअर टाकला की जोराचा धक्का. समोर पिवळा दिवा. एका वर्कशॉपात सांगितलं, गिअरबॉक्सचा दाब गडबडला, आख्खा गिअरबॉक्स बदला. खर्च लाखाच्या वर.

पुतण्या घरी येऊन म्हणाला, "काका, वयले दोन रायवळ विकुया. लाकडाचो गिऱ्हायक तयार आसा."

जागा सामाईक, त्यामुळे माझी सही लागणार. झाडं आजोबांच्या वेळची. हप्ता थकला तर गाडी जाणार, तेही खरं. मी एवढंच विचारलं, "दाब कोणी मोजल्यान?"

"स्कॅनरान सांगल्यान."

आता आपल्या ठिबकचं बघा. सँड फिल्टरच्या आत आणि बाहेर असे दोन गेज असतात. दोन्हीतला फरक अर्धा किलोच्या आसपास गेला की फिल्टर उलटा धुवायचा. पण गेज शून्यावर आहे आणि शेवटच्या ड्रीपरमधून पाणी नीट पडतंय, तर कोण पंप काढतो? आपण गेज काढून बघतो. गाडीचं शास्त्र वेगळं असेल, पण हा प्रश्न तोच आहे.

कुडाळला एक जाणता गाडीवायरमन आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने आधी समजावलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिनावर फिरणारा तेलाचा पंप असतो. त्या तेलाच्या दाबाने आतले क्लच आवळतात आणि गिअर बदलतो. दाब किती आहे ते सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो. सेन्सरला तीन वायरी: एक ५ व्होल्टची, एक अर्थिंगची, एक निरोपाची. निरोप पटेनासा झाला की कॉम्प्युटर गिअरबॉक्स वाचवायला गाडी एका गिअरात धरून ठेवतो आणि दाब पूर्ण चढवतो. धक्के त्यामुळे बसतात. म्हणजे लक्षणं खरी असली, तरी क्लच जळलेत असं त्यावरून ठरत नाही.

मग त्याने क्रमाने तपासलं.

१) तेल. गाडी ठरलेल्या तापमानाला आणून पातळी बघितली. बरोबर होती. रंग स्वच्छ, करपट वास नाही, धातूचा कीस नाही.

२) कोड. पी ०८४३ आला. याचा अर्थ दाबाच्या सेन्सरकडून येणारा व्होल्टेज जास्त आहे. गिअरबॉक्स खराब आहे असं हा कोड म्हणत नाही, तो सर्किटबद्दल बोलतो.

३) इंजिन बंद, फक्त चावी चालू. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, दाब शून्य हवा. स्क्रीनवर मात्र जवळजवळ पूर्ण दाब! इथेच खोटं पकडलं गेलं.

४) मीटर. ५ व्होल्ट बरोबर येत होते. मग सेन्सरची अर्थिंगची पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात मोजलं. जवळजवळ शून्य यायला हवं, तिथे एक व्होल्टच्या वर आलं. अर्थिंग धड नसेल तर निरोपाचा व्होल्टेज वर चढतो.

कनेक्टर काढला तर एक पिन हिरवी पडलेली. गाडी रोज खाडीकाठी उघड्यावर, खारं वारं आणि रात्रीचं दव. आपल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये जे होतं तेच इथे झालं होतं. पिन बदलली, बाकीच्या साफ केल्या, कनेक्टरचं ग्रीस लावलं.

तरी त्याने लगेच गाडी दिली नाही. गिअरबॉक्सच्या तपासणीच्या भोकाला काट्याचा गेज लावून इंजिन चालू केलं. गेज आणि स्क्रीन जुळले, तेव्हाच कोड पुसला आणि आम्हाला चढावर नेऊन आणलं. बिल हजाराच्या आत. रायवळांचा विषय त्या दिवशी संपला. पुतण्या दुसऱ्या दिवशी भाड्यावर गेला.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर कोणीतरी प्रत्येक वेळी सेन्सरवरच ढकलेल. तेल काळं, करपलेलं, त्यात कीस असेल, किंवा काट्याचा गेजही कमीच दाखवत असेल, तर बिघाड आत आहे. तेव्हा गाडी रेटू नका. काही गाड्यांत सेन्सर आतमध्ये, व्हॉल्व्ह बॉडीवर असतो. तिथे तेलाचं पॅन उघडावं लागतं आणि खर्च वाढतो. पण इंजिन बंद ठेवून आकडा बघायला कुठल्याच गाडीत पैसे पडत नाहीत.

बागायतदारांसाठी याच जातीची एक गोष्ट. टेन्शिओमीटरच्या नळीतलं पाणी उतरून हवा शिरली की काटा शून्याकडे येतो. शून्य म्हणजे जमीन ओली, असं समजून आपण पाणी बंद ठेवतो आणि झाड तहानलेलं राहतं. म्हणून काटा शून्यावर दिसला की आधी नळी बघा, मग मुळाजवळची मूठभर माती हातात घेऊन दाबा.

आणि समुद्राकडच्या मंडळींनी पावसाळा संपला की गाडी, पंप, स्टार्टर, सगळ्यांचे कनेक्टर एकदा उघडून बघा. हिरवं दिसलं तर तेव्हाच साफ करा. मोठ्या खर्चाला हो म्हणायच्या आधी विचारा: हा आकडा दुसऱ्या कशाने मोजला का?