मेलेल्यांनी बोलायचं नाही

२००३-०४ च्या सुमारास पुण्यात कॉलेजला असलेल्या मुलांना सायबर कॅफे म्हटलं की ईमेलच्या आधी ‘डस्ट टू’ आठवतं. पिवळसर दगडी भिंती, लाकडी दरवाजे, दोन टोकांना ‘ए’ आणि ‘बी’ अशा बॉम्ब ठेवायच्या दोन जागा. कोथरूडचा कॅफे असो की टिळक रोडचा, तळघरातला असो की पहिल्या मजल्यावरचा, संध्याकाळी कॉलेज सुटलं की निम्म्या मॉनिटरवर हाच नकाशा दिसायचा. खेळ होता ‘काउंटर-स्ट्राइक’. आम्ही नुसतं सीएस म्हणायचो.

या खेळाचा जन्मही विद्यार्थ्यांच्या खटपटीतूनच झाला. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात शिकणाऱ्या मिन्ह ले यांनी अमेरिकेतल्या जेस क्लिफ यांना जोडीला घेतलं आणि ‘हाफ-लाइफ’ या गाजलेल्या खेळाच्या सांगाड्यावर १९९९ मध्ये हा नवा खेळ उभा करून लोकांना फुकट वाटला. तो इतका पसरला की मूळ खेळाच्या कंपनीने, वॉल्व्हने, पुढच्याच वर्षी तो स्वतःकडे घेतला. ‘डस्ट टू’ २००१ मध्ये आला, डेव्ह जॉन्स्टन या ब्रिटिश तरुणाच्या हातून. आमच्या कॅफेत पोहोचली ती २००३ सालची १.६ ही आवृत्ती, आणि आमच्या पिढीपुरता तोच सीएस.

तेव्हाचा सरंजाम आज आठवला तरी नवल वाटतं. पाठीला कुबड आल्यासारखे ते जाडजूड मॉनिटर. खाली रबरी गोळी असलेला माऊस. ती गोळी मळली की ऐन वेळी नेम अडायचा, म्हणून बसल्याबसल्या माऊस उलटा करून, झाकण फिरवून, आतल्या रुळांवरची घाण नखाने खरवडायची. कीबोर्डवरचं ‘डब्ल्यू’ हे अक्षर पार पुसलेलं, कारण पुढे पळायचं बटण तेच. हेडफोनचा एक कान बहुधा गेलेला. बंदूक घ्यायला ‘बी’ दाबायचं आणि मग ठरलेले आकडे. बोटांना ते इतके पाठ होते की डोळे पडद्यावरून हलायचे नाहीत. गोळ्या मात्र वेगळ्या विकत घ्याव्या लागत, स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबून. नवखा पोरगा रुबाबात ‘एके’ रायफल घेऊन धावायचा आणि पहिलं मॅगझिन संपलं की उघडा पडायचा.

खेळाचा कायदा साधा. पाच विरुद्ध पाच. एका बाजूने, म्हणजे अतिरेक्यांनी, बॉम्ब लावायचा, दुसरीने तो रोखायचा किंवा निकामी करायचा. निकामी करायला दहा सेकंद लागतात, जवळ किट असेल तर पाच. सुरुवातीला प्रत्येकाच्या खिशात ८०० डॉलर. एक गडी टिपला की साधारण ३०० मिळतात, फेरी जिंकली की बरेच जास्त, हरली तरी थोडे. ‘ऑप’ ही लांब पल्ल्याची बंदूक ४७५० ची, म्हणजे ती घेणारा बाकीच्यांच्या जिवावर उडी मारतोय हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून “या फेरीला कुणी काही घेऊ नका, पुढच्या वेळी सगळे मिळून घेऊ” असं ठरायचं, आणि कुणाकडे पैसे उरले की दुसऱ्याच्या पायाशी बंदूक टाकली जायची. “अरे, एके टाक ना!” ही हाक त्या काळी कॅफेत पाच-पाच मिनिटांनी ऐकू यायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: मेलात की मेलात. बहुतेक गोळीबाराच्या खेळांत माणूस मरतो आणि दोन क्षणांत पुन्हा उठून धावू लागतो. इथे पुढची फेरी सुरू होईपर्यंत बसून बघायचं. कबड्डीत बाद झालेला गडी जसा रेषेबाहेर बसून, मुठी आवळून आपल्या चढाईपटूकडे बघतो, तसं. जीव एकच असल्यामुळे कोपरा वळताना छाती धडधडायची. धावलं की बुटांचा आवाज होतो, म्हणून ‘शिफ्ट’ धरून दबकत चालायचं. श्वाससुद्धा जपून घेतला जायचा, पडद्यावरच्या माणसाचा नव्हे, आपला.

कॅफेत या नियमाला आमची एक पुरवणी होती: मेलेल्यांनी बोलायचं नाही. सगळे एकाच खोलीत. मेलेला पोरगा उठून उभा राहिला की समोरच्या संघाचे पडदेही त्याला दिसत. तो “मागे आहे, मागे!” असं ओरडला तर खेळच संपला. म्हणून मेलेले गुपचूप येऊन जिवंत असलेल्याच्या खुर्चीमागे उभे राहत. मला अजून दिसतं ते असं: आमच्यातला एकटा उरलाय, समोर तिघे. ‘बी’वर बॉम्ब लागलाय, त्याची टिकटिक वाढत चाललीय. पहिला बोगद्यातून आला, गेला. दुसरा पेटीमागे, तोही गेला. मागे आम्ही चौघे, एकाचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट. पलीकडे त्यांचे दोघे मेलेलेही तसेच उभे, ओठ मिटून. कुणी हूं की चूं करत नव्हतं. तिसरा पडला, किट होतं, पाच सेकंद मोजली आणि बॉम्ब थांबला. मग जो गलका झाला त्यात हरलेल्या संघाचेही आवाज होते. कॅफेवाले दादा काउंटरवरून ओरडले, पण हसत. वेळ संपत आलेल्यांना त्यांनी पाच मिनिटं वाढवूनही दिली.

आता काय आहे? २०१२ मध्ये ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ ही सीएसची नवी आवृत्ती आली, २०१३ पासून बंदुकांवर रंगीबेरंगी नक्षी चढली आणि त्या नक्षीचा बाजार उभा राहिला. डिसेंबर २०१८ मध्ये खेळ फुकट झाला. सप्टेंबर २०२३ पासून त्याच्या जागी ‘काउंटर-स्ट्राइक २’ आहे. धूर आता खोलीभर खरा पसरतो आणि त्यात हातबॉम्ब फुटला की क्षणभर विरतो. आमच्या ‘डस्ट टू’च्या मधल्या दारातून अतिरेक्यांच्या सुरुवातीच्या जागेवरून थेट नेम धरता येत असे, ती रेषा २०२१ मध्ये बुजवली. पोलंडमध्ये कॅटोविसच्या भव्य स्पोडेक सभागृहात २०२५ पर्यंत हजारो लोक तिकीट काढून हा खेळ बघायचे. २०२५ च्या वसंतात एकाच वेळी खेळणाऱ्यांची संख्या १८ लाखांवर गेली. पंचविशी ओलांडलेल्या खेळाची ही चलती! एकेकाळी आम्हाला परदेशी सर्व्हरवर गोळी उशिरा पोहोचायची. आता सर्व्हर मुंबईतच आहे आणि घरच्या ब्रॉडबँडवर खेळ पाण्यासारखा चालतो.

एवढं बदलूनही ‘ऑप’ आजही ४७५० चीच आहे. सुरुवातीला ८००, खिशाची कमाल मर्यादा १६०००, किट असेल तर पाच सेकंद, नसेल तर दहा. आमच्या वेळच्या माणसाला आज खुर्चीत बसवा, तो पहिल्या फेरीत गोंधळेल आणि तिसऱ्या फेरीत ‘डस्ट टू’च्या लांब गल्लीच्या, म्हणजे ‘लाँग’च्या, कोपऱ्यावर दबा धरून बसेल. गेल्या वर्षी माझ्या भाच्याबरोबर मी बसलो तेव्हा तो मला म्हणाला, “मामा, आता बंदूक घेऊ नका, पुढच्या फेरीत सगळे घेऊ.” मी न सांगता थांबलो होतो, हे बघून त्याला आश्चर्य वाटलं.

हा खेळ टिकला तो दिसण्यावर नाही. मरण महाग आहे म्हणून टिकला. एकच जीव असल्यामुळे सोबत्याला किंमत येते, आणि मेल्यावर त्याच्याकडे बघत बसावं लागतं म्हणून त्याची चाल, त्याची घाई, त्याची हिंमत कळत जाते. पाच जणांत दोन-तीन महिने खेळलात की कोण पैसे जपतो, कोण उधळतो, कोण एकटा उरल्यावर शांत राहतो हे ओळखता येतं. वर्षभर एका बाकावर बसूनही एवढं कळत नाही. आमची जी मैत्री पुढे नोकऱ्या, लग्नं, बदल्या यांतून तगली ती याच खुर्च्यांमागे उभं राहून झाली, असं मी ठामपणे म्हणेन.

मेल्यावर गप्प राहायची ती शिस्तही वेगळ्या रूपात जिवंत आहे. आता मेलेला खेळाडू हेडफोनवरून आपल्या जिवंत सोबत्याशी बोलू शकतो. तरीही कुणी एकटा उरला की चांगले गडी माईक बंद करतात. खेळातच एक सोय दिलीय: बटण दाबलं की फेरी संपेपर्यंत इतरांचे आवाज बंद. गप्प राहणं म्हणजे विश्वास टाकणं, हे आजच्या पोरांनाही उमगलंय.

हरवली ती खोली. आज पाच जण पाच घरांत असतात. एक नाशिकला, एक बंगळुरूला, एक दुबईत. आवाज स्वच्छ येतो, पण खांद्यावर हात येत नाही. हरलेला संघ तुमच्याबरोबर उतरून चहाला येत नाही. तो एका टिचकीत नाहीसा होतो, आणि म्हणून त्याला शिव्या घालणंही सोपं होतं. आमच्या वेळी शिवी देणाऱ्याला पाच मिनिटांनी त्याच जिन्यावर त्याच मुलाला तोंड दाखवावं लागायचं. जीभ आपोआप आवरली जायची.

म्हणून माझं पालकांना आणि कॉलेजांना एक मनापासून सांगणं आहे. पोरं हा खेळ खेळतात म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. त्यांना एकत्र बसायला जागा द्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दहा संगणक आधीच जोडलेले असतात, शनिवारी दुपारी ते रिकामेच असतात. सोसायटीच्या सभागृहात दहा लॅपटॉप आणि एक स्विच एवढ्यावर काम भागतं. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, जुन्या पिढीलाही बोलवा. आम्ही येऊ, आणि पोरांबरोबर खेळू. नियम दोनच ठेवा: मेलेल्याने खुर्चीमागे गप्प उभं राहायचं, आणि खेळ संपला की जिंकलेल्याने हरलेल्यांना चहा पाजायचा.